व्यवस्थापन संघटनेचं सभासदत्व घेताय? आचारसंहिता पाळायची म्हणजे नेमकं काय करायचं

मुंबईत मॅनेजर मंडळींनी संघटना करणं हे काही आजचं नाही. बॉम्बे मॅनेजमेंट असोसिएशन १९५४ सालची आहे, ऑल इंडिया मॅनेजमेंट असोसिएशन १९५७ ची. शिवाय एचआरवाल्यांच्या, पर्चेसवाल्यांच्या, प्रशिक्षकांच्या, सल्लागारांच्या आपापल्या संघटना आहेत. माणसं तिथे जातात ती मुख्यतः ओळखी वाढवायला, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात 'संघटनेची घटना, नियम व आचारसंहिता मला मान्य आहेत' असं छापलेलं असतं आणि त्याखाली आपण सही ठोकून मोकळे होतो. त्या सहीने नक्की काय कबूल केलं, हे नव्या सभासदाला सहसा कोणी समजावून सांगत नाही. प्रसंग ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ते इथे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. सीएला १९४९ चा कायदा आहे, कंपनी सेक्रेटरीला १९८० चा, डॉक्टर-वकिलांना त्यांच्या त्यांच्या परिषदा आहेत. गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव कमी होतं आणि व्यवसायच थांबतो. मॅनेजरला मुळात सनदच नाही. संघटना फार तर समज देईल, निलंबित करेल, यादीतून नाव काढेल. दुसऱ्या दिवशी तो माणूस त्याच खुर्चीत बसून तेच काम करू शकतो. म्हणून 'होऊन होऊन काय होणार?' असं म्हणणारे भेटतात. त्यांना दोन गोष्टी दिसत नाहीत. आचारसंहितेतली बरीचशी कलमं कुठल्या ना कुठल्या कायद्यातही आहेत आणि तिथली शिक्षा संघटनेच्या हातात नसते. दुसरं, मुंबईचं कॉर्पोरेट वर्तुळ बाहेरून वाटतं तेवढं मोठं नाही. आज ज्याचं कोटेशन तुम्ही बाजूला ठेवलंत, तो उद्या तुमच्या मुलाखतीला पॅनेलवर बसलेला असू शकतो.

माझ्या मते सगळ्या आचारसंहितेचा गाभा एवढाच: कोणी विचारायच्या आधी सांगा, आणि लेखी सांगा.

अर्ज भरण्याआधी

कार्यालयातून आचारसंहिता आणि घटना, दोन्हींची प्रत मागून घ्या. घटना म्हणजे संस्थेची नियमावली. आचारसंहिता काय करू नये ते सांगते, आणि केलं तर पुढे कोण काय करणार ते घटनेत असतं. एक वाचून दुसरं सोडण्यात अर्थ नाही.

अर्जात पदनाम फुगवू नका. 'असिस्टंट मॅनेजर' असताना 'मॅनेजर' लिहायचा मोह होतो, कारण सभासदत्वाची वरची श्रेणी अनुभवाच्या वर्षांवर आणि पदावर मिळते. खोटी माहिती देऊन मिळवलेलं सभासदत्व रद्द करायला संघटनेला फार खटाटोप करावा लागत नाही.

पैसे कोण भरतंय तेही नीट समजून घ्या. वर्गणी कंपनीने भरली असेल आणि सभासदत्व कंपनीच्या नावावर असेल, तर बहुतेक ठिकाणी मतदानाचा हक्क कंपनीचा असतो, तुम्ही तिचे प्रतिनिधी. नोकरी बदलल्यावर जुन्या कंपनीच्या नावावर बैठकीला जाऊन बसणारे महाभाग आहेत. राजीनामा दिलात की संघटनेलाही त्याच आठवड्यात कळवा.

अर्जावर प्रस्तावक आणि अनुमोदकाची सही लागते. आज तुम्हाला कोणी सही देईल, वर्षभराने तुमच्याकडे कोणी मागेल. ज्याचं काम तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही त्याच्यासाठी सही देऊ नका. 'अहो, आपलाच माणूस आहे' हे ओळख पटण्याचं कारण असेल, पात्रतेचं नाही.

हितसंबंधांची यादी: हे काम पहिल्याच आठवड्यात

एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: तुम्ही कुठे नोकरी करता, कुठल्या फर्ममध्ये भागीदार आहात, कुठे मानधन घेता, कुठल्या कंपनीचे बऱ्यापैकी शेअर्स आहेत, नवरा किंवा बायको, आईवडील, भावंडं, मुलं आणि सासरची माणसं कुठल्या व्यवसायात आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८४ खाली संचालकांना दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बोर्ड बैठकीत साधारण अशीच माहिती द्यावी लागते. साध्या सभासदाला ती सक्ती नाही, पण सवय तीच लावून घ्यावी. हा कागद कोणाला द्यायचा नसतो. वेळ आली की आठवावं म्हणून तो आपल्याचपाशी ठेवायचा.

वेळ कशी येते ते बघा. समजा, अंधेरीच्या एका कंपनीत लर्निंग अँड डेव्हलपमेंट सांभाळणाऱ्या एक बाई संघटनेच्या कार्यक्रम समितीवर गेल्या. समितीला नेतृत्व-प्रशिक्षणाची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे आणि तीन संस्थांकडून कोटेशन मागवली आहेत. त्यातल्या एका संस्थेत बाईंचे दीर भागीदार आहेत. संस्था खरोखर चांगली आहे, दरही रास्त आहे. बाईंच्या मनात काही वाकडं नाही, आणि म्हणूनच त्यांना वाटतं की सांगायची गरज नाही. उगाच दिरांचं चांगलं काम हातचं जायचं.

अशा वेळी सचिवांना जाणारी ईमेल चार-पाच ओळींची असते:

'माननीय सचिव, कार्यक्रम समितीच्या मंगळवारच्या बैठकीत कार्यशाळेसाठी तीन संस्थांच्या कोटेशनचा विचार होणार आहे. त्यांपैकी एका संस्थेत माझे दीर भागीदार आहेत. या विषयावरच्या चर्चेत व निर्णयात मी भाग घेणार नाही. तिन्ही कोटेशन मला पाठवू नयेत. ही नोंद बैठकीच्या इतिवृत्तात घ्यावी, ही विनंती.'

यातलं चौथं वाक्य लोक हमखास विसरतात. 'मी मतदान करणार नाही' एवढं सांगून माणूस निर्धास्त होतो, पण तोवर बाकी दोघांचे दर त्याच्या मेलबॉक्समध्ये येऊन पडलेले असतात. उद्या दिरांचा आकडा शेवटच्या क्षणी खाली आला, तर बाईंनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता हे सिद्ध कसं करणार? दर दिसलेच नाहीत, तर प्रश्नच उरत नाही.

बैठकीत तो विषय आला की खोलीबाहेर जायचं. कोपऱ्यात मोबाईल बघत बसणं चालत नाही. समोर बसलेल्या माणसाच्या दिरांच्या संस्थेविषयी कोण मोकळेपणाने बोलेल? इतिवृत्तात 'त्यांनी हितसंबंध जाहीर केला व चर्चेच्या वेळी त्या सभागृहाबाहेर होत्या' अशी ओळ आली आहे ना, हे पुढच्या बैठकीत इतिवृत्त मंजूर होताना तपासायचं. ती नसेल तर तिथल्या तिथे हात वर करून दुरुस्ती मागायची.

दिरांच्या संस्थेला काम मिळालं तर? मिळू दे. आचारसंहितेला नातेवाइकाला काम मिळण्यावर सहसा आक्षेप नसतो. नातं लपवून मिळण्यावर असतो.

आणखी एक गुंता सल्लागारांचा. एकाच वेळी दोन स्पर्धक कंपन्यांना तुम्ही सल्ला देत असाल, तर दोघांनाही ते आधी माहीत हवं आणि दोघांची लेखी संमती हवी. एकाने 'नको' म्हटलं तर एक काम सोडावं लागतं. महिन्याचं उत्पन्न जातं आणि ते खरंच दुखतं. पण हे कलम पाळायचं तर त्याची किंमत इथेच मोजावी लागते.

ऐकलेलं आणि पाहिलेलं

गोपनीयता म्हटलं की लोकांना पासवर्ड आठवतात. माहिती फुटते ती मात्र फारच साध्या जागी. चर्चगेट फास्टच्या फर्स्ट क्लासमध्ये दाराजवळ उभं राहून कोणीतरी फोनवर सांगत असतं, 'रबाळ्याचं युनिट मार्चनंतर ठेवायचं नाहीये, पण तू आत्ता कोणाला बोलू नकोस.' डब्यातल्या साठ लोकांनी ते ऐकलेलं असतं. लोअर परळच्या को-वर्किंगमध्ये काचेच्या खोलीत बैठक संपते, आणि फळ्यावर कोणाकोणाला कमी करायचं त्यांची आद्याक्षरं तशीच राहतात. खोली पुढच्या तासाला दुसऱ्या कंपनीची असते. फळा पुसणं हेही आचारसंहितेचं पालनच आहे.

संघटनेत भाषण करताना ही चूक जास्त होते. 'क्लायंटचं नाव घेत नाही' म्हणून वक्ता सुरू होतो आणि मग 'ठाण्यातली एक रंगाची कंपनी, दोन भावांची' असं वर्णन करतो. सभागृहातल्या निम्म्या लोकांना कंपनी कळते, उरलेल्यांना शेजारी सांगतो. उदाहरण द्यायचं तर क्लायंटची परवानगी घ्या, किंवा उद्योग, गाव आणि काळ, तिन्ही बदला. बदलल्यावर उदाहरणात दम उरत नसेल तर ते देऊ नका.

लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीतल्या मंडळींना इथे कायदाही लागू होतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे इनसायडर ट्रेडिंगविषयीचे, म्हणजे आतल्या माहितीवर होणाऱ्या शेअर-व्यवहारांविषयीचे, २०१५ चे नियम आहेत. भावावर परिणाम करू शकणारी, जाहीर न झालेली माहिती तुम्ही कामाच्या कारणाशिवाय नुसती सांगितलीत तरी नियमभंग होतो. स्वतः शेअर घ्यायलाच हवेत असं नाही. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत कंपनीतल्या संबंधितांसाठी शेअर-व्यवहार बंद असतात. नेमक्या त्याच दिवसांत संघटनेच्या जेवणावळीत कोणीतरी गप्पांच्या ओघात विचारतं, 'काय, या वेळी आकडे कसे आहेत?' यावर 'छान' असंही उत्तर देऊ नये. 'निकाल लागले की बोलू' म्हणून ताटाकडे वळावं.

स्पर्धक एकाच टेबलावर

हा भाग नव्यांना कोणीच सांगत नाही. संघटनेत एकाच धंद्यातल्या चार कंपन्यांची माणसं एका टेबलावर बसतात, तेच तर तिचं आकर्षण. पण स्पर्धा कायदा २००२ चं कलम ३ स्पर्धकांमधल्या समझोत्याबद्दल फार कडक आहे आणि त्यात संघटनांनी घेतलेले निर्णयही येतात. समझोता कागदावर असायला हवा असं नाही. मान डोलावली तरी पुरतं.

सिमेंट कंपन्यांचं प्रकरण आठवून पाहा. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये आणि फेरसुनावणीनंतर पुन्हा २०१६ मध्ये कंपन्यांना व त्यांच्या संघटनेला मिळून हजारो कोटींचा दंड ठोठावला. २०१६ चा आकडा सुमारे ६,७०० कोटींचा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण संघटनेच्या बैठका आणि तिथे गोळा होणारी किमतींची, उत्पादनाची माहिती हा त्यातला मोठा मुद्दा होता, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही काही सिमेंट विकत नाही. बरं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एचआर मॅनेजरांची बैठक डोळ्यांसमोर आणा. चहा येतो, आणि कोणीतरी सहज म्हणतं, 'यंदा इन्क्रिमेंट किती टक्के देताय? आपण सगळ्यांनी एका आकड्यावर राहिलं तर माणसं पळणार नाहीत.' दुसरा म्हणतो, 'आणि एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत, एवढं पाळू या.' हे सगळं प्रेमाने, बिस्किटं खात चाललेलं असतं. पण पगार हीसुद्धा किंमतच, मजुरीची.

त्रयस्थ संस्थेने जमवलेली, जुनी, कुठल्या कंपनीचा आकडा कोणता ते कळणार नाही अशी एकत्रित माहिती पाहायला सहसा अडचण नसते. पुढच्या वर्षीचे दर, बोली लावायच्या टेंडरची रक्कम, कोणी कुठला ग्राहक धरायचा हे विषय निघाले, तर काय करायचं? गप्प बसून राहिलात तर तुम्हीही त्यात सामील असल्याचं दिसतं. स्पष्ट म्हणा, 'हा विषय आपण इथे बोलू शकत नाही.' तरी चालूच राहिलं तर उठा, आणि तुम्ही अमुक वाजता बैठक सोडली अशी नोंद करायला सांगा. घरी जाऊन आपल्या कंपनीच्या लीगलला दोन ओळी लिहा. थोडा वाईटपणा येतो. येऊ द्या.

भेटी, मानधन, पुरस्कार

दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा येतो. कंपनीची मर्यादा असेल ती पाळायची; नसेल तर माझी कसोटी अशी की भेट ऑफिसच्या पत्त्यावर आली, सगळ्यांसमोर उघडली, सगळ्यांना वाटली, तर ठीक. घरच्या पत्त्यावर आलेलं चांदीचं नाणं परत. परत करताना आभाराचं छोटं पत्र जोडावं, म्हणजे संबंध बिघडत नाहीत आणि पुरावाही राहतो.

सरकारी कामात 'चहापाणी' द्यावं लागतं, हे मात्र मॅनेजरांच्या बैठकीत हवापाण्यासारखं बोललं जातं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला दुरुस्ती झाली, त्यानंतर लाच देणं हाही थेट गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. एजंटामार्फत दिली म्हणून सुटका होत नाही.

पुरस्कारांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. प्रायोजक तोच स्पर्धक आणि तोच विजेता, असे समारंभ या शहरात कमी होत नाहीत. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीला २००८ मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. जानेवारी २००९ मध्ये अध्यक्षांनी स्वतःच हिशेब खोटे असल्याचं पत्र लिहिलं आणि नंतर तो पुरस्कार काढून घेतला गेला. परीक्षक म्हणून बोलावणं आलं तर आधी दोन गोष्टी विचारा: प्रायोजकांची यादी आणि प्रवेशिकांची यादी. दोन्हींत तीच नावं असतील तर नम्रपणे नकार द्या.

नाव, चिन्ह आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

व्हिजिटिंग कार्डावर सभासदत्व लिहा, खुशाल लिहा. पण संघटनेचं चिन्ह स्वतःच्या फर्मच्या कोटेशनवर छापू नका. वाचणाऱ्याला संघटनेने तुमची हमी घेतली असं वाटतं. समितीवर असलात तर लेटरहेडचंही तेच.

सभासदांची यादी ही संघटनेच्या कामासाठी दिलेली असते. तिच्यावरून विमा, फ्लॅट किंवा आपला कोर्स विकायचा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्र हेच: ज्या कारणासाठी संमती, त्याच कारणासाठी वापर.

तरुण सभासद आणि महिला सभासद

नोकरीच्या शोधातली मुलंमुली संघटनेत येतात ती तुमच्याकडे आशेने बघत. शिफारस करा, पण जेवढं पाहिलं तेवढंच लिहा. शिफारशीच्या बदल्यात फुकट काम करून घेणं, 'माझा कोर्स कर, मग बघू' म्हणणं हे सरळ सरळ गैरवर्तन आहे.

लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा ऑफिसच्या भिंतींपुरता नाही; कामानिमित्त गेलेली जागाही त्यात येते, म्हणजे हॉटेलातली परिषद आणि लोणावळ्याची निवासी कार्यशाळासुद्धा. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. संघटनेच्या कार्यालयात दोन-तीनच कर्मचारी असतील तर त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. असा प्रसंग कळला तर 'आपसात मिटवून टाका' असं सांगायला जाऊ नका. तुम्ही कितीही ज्येष्ठ असलात तरी ते तुमचं काम नाही.

समितीवर निवडून जायचं असेल तर

निवडणुकीच्या तोंडावर एकाच ऑफिसातून एकगठ्ठा अर्ज येतात, सगळ्यांची वर्गणी एकाच चेकने. घटनेत याला बंदी नसेलही, पण असं निवडून आलेल्या पॅनेलकडे पुढची दोन वर्षं कोणी आदराने बघत नाही. प्रचारात कामाविषयी बोला, प्रतिस्पर्ध्याच्या नोकरीविषयी नाही.

मुंबईतल्या अशा बऱ्याच संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५० खाली नोंदलेल्या आहेत. समिती बदलली की ९० दिवसांत वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज जायला हवा. तो वेळेत गेला नाही, की जुनी समिती खरी की नवी, यावर वर्षानुवर्षं वाद चालतात. खजिनदार झालात तर टॅक्सीच्या पावतीपासून सगळं जपा आणि स्वतःच्या बिलावर दुसऱ्या पदाधिकाऱ्याची सही घ्या.

तक्रार करायची असेल, किंवा तुमच्यावर झाली तर

तक्रार सचिवांकडे द्या. सचिवांविरुद्धच असेल तर अध्यक्षांकडे. तारीख, प्रसंग, आचारसंहितेचं कुठलं कलम मोडलं आणि सोबतचे कागद, एवढं पुरे. 'हा माणूस मुळातच तसा' हे लिहायचं नाही. ग्रुपवर टाकायची तर मुळीच नाही. मग शिस्तपालन समितीने काहीही ठरवलं तरी ते बाजू घेतल्यासारखं दिसतं. लाच, छळ, शेअरचा गैरव्यवहार अशा बाबींत संघटनेची वाट पाहत बसू नका. लिस्टेड कंपनीत तक्रारीची वेगळी यंत्रणा ठेवणं कंपनी कायद्याच्या कलम १७७ ने सक्तीचं आहे, तिथे जा. नाहीतर थेट संबंधित सरकारी यंत्रणेकडे.

तुमच्याविरुद्ध तक्रार आली तर आधी तिची पूर्ण प्रत मागा, ती मिळणं तुमचा हक्क आहे. शिस्तपालन समितीत तक्रारदाराचा भागीदार किंवा साहेब बसलेला असेल तर त्याने बाजूला व्हावं अशी लेखी मागणी करा. मुदतीत उत्तर द्या, कागद जोडा. आणि निकाल लागेपर्यंत समितीतल्या कोणालाही फोन करू नका, 'फक्त माझी बाजू सांगतो' म्हणूनसुद्धा. जे सांगायचं ते सचिवांना लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.